पन्हळ, छपराची

उतरत्या छपराच्या वळचणीवरून ओघळणारे पावसाचे पाणी झेलून ते ठराविक जागी नेऊन सोडण्यासाठी बसविलेल्या उघड्या, लांबट नालीस पन्हळ म्हणतात. पन्हळीतील पाणी भिंतीलगतच्या उभ्या नळावाटे जमिनीवर, गटारात किंवा साठवणीच्या टाकीत उतरविले जाते. हा शब्द संस्कृत ‘प्रणाल’ या शब्दाशी संबंधित असून मंदिराच्या गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या दगडी नालीसही प्रणाल असेच नाव आहे.

प्रयोजन : पन्हळ नसल्यास पागोळ्यांचे पाणी एकाच रेषेत पडून भिंतीच्या पायथ्याशी चर पडतो. शिंतोड्यांनी भिंतीचा खालचा भाग सतत ओला राहतो आणि मातीची किंवा मातीत बांधलेली विटांची भिंत तेथूनच पोखरली जाते. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील कळमेश्वरसारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात यात आणखी एका धोक्याची भर पडते. काळी माती पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायालगतची माती एका बाजूस भिजून फुगली व दुसऱ्या बाजूस कोरडी राहिली, तर पाया असमान उचलला जातो आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून भिंतींना तिरप्या भेगा पडतात. गिलाव्याने त्या बुजविल्या, तरी पाण्याची वाट न बदलल्यास पुन्हा उमटतात. म्हणून येथे पन्हळ ही केवळ सोय नसून पायाच्या संरक्षणाचा भाग ठरते.

आकारमान : पन्हळीचे आकारमान वार्षिक पावसावर नव्हे, तर पावसाच्या तीव्रतेवर ठरते. नागपूर परिसरात वर्षाकाठी सु. १,००० ते १,२०० मिमी. पाऊस पडतो, कोकणात तो याच्या दुपटीहून अधिक असतो. तथापि विदर्भातील पाऊसही मेघगर्जनेसह थोड्या वेळात जोराने कोसळतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे नागपूर शहरात काही तासांतच १०० मिमी.हून अधिक पाऊस होऊन अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला. त्यामुळे पाऊस कमी म्हणून पन्हळ अरुंद, हा समज चुकीचा आहे.

एक चौ. मी. क्षेत्रावर १ मिमी. पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी मिळते. छपराच्या एका उताराचे आडवे क्षेत्र १० मी. × ६ मी. असल्यास, ताशी १०० मिमी. तीव्रतेच्या पावसात त्यावरून तासाला ६,००० लिटर, म्हणजे मिनिटाला १०० लिटर पाणी येईल. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार या तीव्रतेस १०० मिमी. व्यासाचा उभा नळ सु. ४२ चौ. मी. छपरास पुरतो. त्यामुळे वरील उदाहरणात एक नळ अपुरा ठरतो. पन्हळीस मध्यापासून दोन्ही टोकांकडे उतार देऊन दोन नळ लावावे लागतात.

पदार्थ : पूर्वी विदर्भात उभा चिरलेला बांबू, तर कोकण-गोव्यात पोफळीचे किंवा माडाचे कोरलेले खोड पन्हळीसाठी वापरीत. कवेलूंच्या (नळीच्या कौलांच्या) घरांना अशी पन्हळ दोरीने बांधली जाई व ती वरचेवर बदलावी लागे. पुढे जस्तलेपित पोलादी पत्रा रूढ झाला. पत्रेकाम करणारे कारागीर तो वाकवून, रिव्हेटांनी जोडून सांध्यांना डाख देत. असे जस्तलेपित व रंगलेपित पत्रे खुद्द कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत तयार होतात. ॲल्युमिनियम गंजत नाही. परंतु ओल्या सिमेंटच्या व तांब्याच्या संपर्कात ते झिजते. पीव्हीसीची पन्हळ हलकी व स्वस्त असली, तरी कडक उन्हाने कालांतराने ठिसूळ होते आणि गारपिटीत किंवा माकडांच्या उड्यांनी तडकते.

तापमानातील बदलही येथे महत्त्वाचा असतो. तापमानात ४०° से. फरक पडल्यास ६ मी. लांबीची पोलादी पन्हळ सु. ३ मिमी., ॲल्युमिनियमची सु. ५ ते ६ मिमी., तर पीव्हीसीची सु. १५ ते २० मिमी. लांबते. म्हणून पीव्हीसीचे तुकडे घट्ट न जखडता सांध्यात सरकण्यास जागा ठेवतात.

बसविण्याची पद्धत : प्रथम वाशांची टोके व त्यांवरील फळी कुजलेली नाही, याची खात्री करून घेतात. नंतर दोरी व पाणसळ यांच्या साहाय्याने उताराची रेषा आखतात. साधारणपणे १२० सेंमी. लांबीस १ सेंमी. उतार ठेवतात, वरील उदाहरणातील ५ मी. लांबीच्या प्रत्येक अर्ध्या भागास तो सु. ४ सेंमी. होतो. या रेषेवर ६० ते ९० सेंमी. अंतराने, तसेच प्रत्येक सांध्याजवळ व कोपऱ्यावर लोखंडी आधार ठोकतात. वरच्या बाजूचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढेल अशा रीतीने जोड देतात. कौलांची किंवा पत्र्याची कड पन्हळीच्या आत सु. ५ सेंमी. यावी. पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडील कडेपेक्षा किंचित खाली ठेवणे आवश्यक असते; त्यामुळे पन्हळ तुंबली, तरी पाणी भिंतीवर न येता बाहेर सांडते. नळाच्या तोंडाशी जाळी बसवितात आणि शेवटी वरच्या टोकास पाणी ओतून कोठे साचते, हे पाहतात. नळाचे पाणी पायालगत न सोडता फरसबंद नालीतून किमान दीड-दोन मीटर दूर नेतात. अन्यथा सर्व छपराचे पाणी एकाच जागी मुरून हानी वाढते.

दुरुस्ती व बदल : तळाला गंजाची भोके पडणे, सांधे उघडणे, मध्ये झोल येऊन पाणी साचणे ही पन्हळ बदलण्याची लक्षणे होत. एखादा सांधाच गळत असेल, तर तेवढाच दुरुस्त करणे पुरेसे असते. अनेक आधार निखळले असल्यास मात्र पूर्ण पन्हळ उतरवून फळीही तपासावी लागते. जुनी पन्हळ ॲस्बेस्टस-सिमेंटची असल्यास ती फोडणे वा करवतीने कापणे टाळावे. तिच्या धुळीतील तंतू फुप्फुसांना अपायकारक असल्याने ती पाण्याने भिजवून अखंड उतरवितात. रंगलेपित पत्रा घर्षणचक्रीने न कापता कातरीने कापतात, कारण ठिणग्यांनी लेप जळून कडा लवकर गंजतात. ही सर्व कामे मे महिन्यात, मोसमी पाऊस जूनच्या मध्यास पोहोचण्यापूर्वी उरकणे इष्ट होय. पालापाचोळा पावसाळ्याआधी एकदा व मध्यंतरी एकदा काढल्यास पन्हळीचे आयुष्य वाढते.

जलसंधारण : वरील ६० चौ. मी. छपरावरून १,००० मिमी. पावसात, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ४८,००० लिटर पाणी मिळू शकते. संत्र्याच्या बागांसाठी भूजलाचा उपसा होणाऱ्या या भागात ते टाकीत साठविणे किंवा गाळून विहिरीत सोडणे उपयुक्त ठरते. पहिल्या सरींचे पाणी धूळ व पक्ष्यांची विष्ठा यांनी दूषित असल्याने वेगळे काढून देतात. काळ्या मातीत मात्र पुनर्भरणाचा खड्डा पायापासून दूरच असावा. [→ कौले, छप्पर].