एवेंकिया : मुलूख अफाट, माणसे मूठभर

तालुक्याचे गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. मामलेदार कचेरी, तिच्यासमोरचे झाड, झाडाखाली अर्ज लिहून देणारा माणूस, एस. टी.चा थांबा आणि आठवड्याचा बाजार. सकाळच्या गाडीने आलेला खेडूत दिवेलागणीपर्यंत घरी परततो. काम झाले नाही तर कपाळाला हात लावतो आणि पुढच्या बाजाराला पुन्हा खेप घालतो. कारभाराविषयीची आपली सारी कल्पना अशी एका दिवसाच्या वाटेवर उभी आहे. ही वाटच हजार किलोमीटरांची झाली तर?

या प्रश्नाचे उत्तर सायबेरियाच्या ऐन मध्यावर सापडते. तिथे येनिसेई नदीच्या पूर्वेला रशियाच्या क्रास्नोयार्स्क प्रांताचा एवेंकिया नावाचा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 7 लाख 63 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट. आणि वस्ती? 2010 च्या जनगणनेत या साऱ्या मुलुखात मिळून 16,253 माणसे भरली! एका माणसाच्या वाट्याला सुमारे 47 चौरस किलोमीटर जमीन आली. हाच हिशेब बृहन्मुंबईला लावला, तर त्या सगळ्या पसाऱ्यात तेरा माणसे राहतील. लोकलमध्ये खिडकीची जागा मिळेल खरी, पण गाडी चालवायला माणूस मिळायचा नाही!

हा प्रदेश म्हणजे एक प्रचंड पठार आहे. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही अशाच लाव्ह्याचा आहे, पण सायबेरियाचा थर त्याहून कितीतरी जुना. त्यावर पसरली आहेत लार्च वृक्षांची अरण्ये. लार्च हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पाने गाळून उघडाबोडका होतो. जमिनीच्या पोटातले बर्फ उन्हाळ्यातही वितळत नाही. तुरा या जिल्ह्याच्या गावी जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली 35 अंशांच्या आसपास असते. रशियाचा भौगोलिक मध्यबिंदूही गणिताने याच जिल्ह्यात, विवी सरोवराच्या काठी येतो. 1992 साली तिथे त्याची खूण म्हणून एक स्तंभ उभारण्यात आला. देशाचा मध्यबिंदू आणि शेजारी वस्ती नाही, अशी ही गंमत आहे.

या मुलुखाचे खरे राजरस्ते म्हणजे दोन नद्या. उत्तरेकडची निझ्न्याया तुंगुस्का सुमारे 3,000 किलोमीटर लांबीची, तर दक्षिणेकडची पोद्कामेन्नाया तुंगुस्का 1,800 हून अधिक. दोन्ही शेवटी येनिसेईला मिळतात. तुरा पहिलीच्या काठी आहे. बायकित आणि वानावारा ही दुसरी दोन मोठी गावे दुसरीच्या काठी. या तिन्ही गावांना जोडणारा बारमाही रस्ता नाही. वसंतात बर्फ फुटले की नदीला असा पूर येतो की अरुंद घळींमध्ये पाणी वीस-वीस मीटर चढते. त्या पुराच्या पाण्यावरच जहाजे आणि मालाचे तराफे वर येऊ शकतात, आणि तेही थोडे आठवडेच. वर्षाचे इंधन आणि जड सामान तेवढ्या अवधीत उतरवून घ्यायचे. आपल्याकडची गृहिणी पावसाळ्याआधी डाळ-तांदूळ, गहू, लाकूडफाटा भरून ठेवते, तसाच हा प्रकार. पण इथे सगळ्या जिल्ह्याचा डबा एकदम भरायचा असतो. हिवाळ्यात गोठलेल्या नद्यांवरून आणि बर्फावरून मोटारींची वाट तयार होते. एरवी भिस्त विमानावर.

अंतराचा हा महिमा जगाला एका घटनेने चांगलाच पटवून दिला. 30 जून 1908 रोजी सकाळी वानावाराच्या उत्तरेला आकाशात एक भयंकर स्फोट झाला. सुमारे 2,000 चौरस किलोमीटरांवरचे अरण्य आडवे झाले. अंतराळातून आलेला एखादा पिंड जमिनीला टेकण्याआधीच फुटला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. पण लिओनिद कुलिक हे संशोधक प्रत्यक्ष त्या जागी पोहोचले 1927 साली! एकोणीस वर्षे ती आडवी झाडे कोणा शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडली नव्हती. कुलिकना तिथवर नेणारे वाटाडे होते एवेंकी.

या जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले तेच हे एवेंकी लोक. शिकार करणारे आणि रेनडियर पाळणारे. ते रेनडियरवर खोगीर घालून बसतात, त्याच्या पाठीवर संसार लादतात आणि ऋतूप्रमाणे मुक्काम हलवतात. सायबेरियात ते दूरदूर विखुरले आहेत; चीनमध्येही त्यांची वस्ती आहे. आपण सारे त्यांच्या भाषेतला एक शब्द नकळत वापरत असतो. 'शामान' हा शब्द रशियन भाषेच्या वाटेने जगभर गेला तो एवेंकींच्या 'सामान'वरून. काही पंडितांनी त्याचे मूळ पालीतल्या 'समण', म्हणजे आपल्या 'श्रमण' शब्दात शोधले. बौद्ध भिक्षूंबरोबर तो उत्तरेकडे गेला असावा, असा त्यांचा तर्क. दुसऱ्यांना तो एवेंकींचा स्वतःचाच शब्द वाटतो. हा वाद मिटलेला नाही. मराठीच्या मास्तराला मात्र त्या वादातही सुख आहे!

अशा फिरत्या लोकांचा कारभार करायचा कसा? सोव्हिएत सरकारने 1927 साली तुरा येथे एक 'संस्कृती-केंद्र' उभारले. शाळा, दवाखाना आणि गुरांचा डॉक्टर एका जागी आणून ठेवायचे. रानातली माणसे तिथे येतील, असा हिशेब. 10 डिसेंबर 1930 रोजी एवेंकींच्या नावाने राष्ट्रीय विभाग स्थापन झाला. पाठोपाठ भाषेला लिपी मिळाली, आधी रोमन आणि काही वर्षांतच रशियन. पुस्तके निघाली. परंतु आईबाप कळपामागे रानात आणि पोर वसतिगृहाच्या शाळेत, अशी घराची फाटाफूट झाली. मूल वाचायला शिकले, ते मुख्यतः रशियन. कळप राखण्याची विद्या पुस्तकात नव्हती, आणि ती शिकवणारा बाप जवळ नव्हता. 2010 च्या गणनेत रशियात सुमारे 38,000 लोकांनी आपण एवेंकी असल्याचे सांगितले, पण ती भाषा येते असे सांगणारे जेमतेम 4,800 निघाले. आपल्याच जिल्ह्यातही एवेंकी अल्पसंख्य आहेत. 2002 साली 17,697 वस्तीत ते 3,802 होते. बाकीचे बहुतेक रशियन.

1980 च्या दशकात तर निझ्न्याया तुंगुस्कावर प्रचंड धरण बांधण्याची योजना आली. ती झाली असती तर तुरा गाव पाण्याखाली गेले असते. विरोध झाला आणि योजना मागे पडली. पुढे 2000 नंतर ती पुन्हा वर आली. पण धरण उभे राहिले नाही.

सोव्हिएत संघ 1991 साली कोसळल्यावर या मूठभर लोकांच्या पदरात अचानक मोठा मान पडला. एवेंकिया रशियन संघराज्याचा स्वतंत्र घटक ठरला. स्वतःचा राज्यपाल आला, स्वतःचे विधिमंडळ आले. त्याला नाव दिले 'सुग्लान', म्हणजे एवेंकींच्या कुळांची जुनी सभा. वरिष्ठ सभागृहात एका कोटीच्या मॉस्कोचे प्रतिनिधी दोन आणि सतरा हजारांच्या एवेंकियाचेही दोनच! शिवाय तो क्रास्नोयार्स्क प्रांताच्या पोटातही होता आणि त्याच्या बरोबरीचाही. घरातल्या धाकट्याला वेगळी चूल मांडून द्यावी, पण कोठाराच्या किल्ल्या थोरल्याकडे असाव्यात, तसा हा कारभार.

तो फार काळ टिकला नाही. 17 एप्रिल 2005 रोजी लोकांचा कौल घेण्यात आला. एवेंकियातही मोठे बहुमत विलीनीकरणाच्या बाजूने पडले आणि 1 जानेवारी 2007 पासून स्वतंत्र घटकाचा प्रांतातला एक जिल्हा झाला. 'विशेष दर्जा' हे शब्द राहिले. राज्यपाल आणि सुग्लान गेले. मोठ्या प्रश्नांचा निर्णय आता क्रास्नोयार्स्कला, तुराहून सुमारे हजार किलोमीटरांवर.

हिशेबाच्या वहीत हे बरोबरच दिसते. इतक्या थोड्या माणसांसाठी एवढा सरंजाम कशाला, असे कोणीही विचारील. पण माणसे थोडी म्हणून कचेऱ्या कमी करता येतात. माणसे थोडी म्हणून अंतर कमी होत नाही. सुरिंदा गावच्या रेनडियर-पाळांना पशुवैद्य लागतो आणि पार उत्तरेच्या येस्सेईतल्या याकूत कुटुंबांना दवाखाना लागतो. बाळंतीण असो की शाळेची पुस्तके असोत, वाट तीच. विमान न उडण्याचे दिवस दोन्हीकडे सारखेच.

म्हणून या जिल्ह्याचा कारभार कोणाच्या नावाने चालतो, याहून तो शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचतो की नाही, हा प्रश्न मोठा. शाळा वस्तीजवळ राहिली तर पोर संध्याकाळी आईशी एवेंकीत बोलेल. ती लांब गेली तर एक भाषा आणि एका कळपाचा राखणदार दोन्ही एकाच विमानात बसून निघून जातील. आणि या मुलुखात अशी माणसे मुळातच बोटांवर मोजण्याइतकी आहेत.