पर्सेंटाइल आलं, पण बारावीचं काय?

'बारावीला नुसतं पास झालं की बस, पुढे सगळं सीईटीवर.' अकरावीचे प्रवेश सुरू झाले की हे वाक्य क्लासच्या जिन्यात, सोसायटीच्या ग्रुपवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. ऐकून ऐकून कान किटले.

यातलं अर्धं खरं आहे, तीच खरी अडचण. राज्यातल्या इंजिनीअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवरच लागते. पण त्या यादीत नाव येण्यासाठी आधी पात्र ठरावं लागतं, आणि ही पात्रता बारावीच्या गुणपत्रिकेवर मोजतात. सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेत ते स्वच्छ लिहिलेलं असतं. पुस्तिका उघडतं कोण? भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य, सोबत रसायनशास्त्र किंवा यादीतला दुसरा एखादा विषय (जीवशास्त्र, आयटी वगैरे). या तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 हवेत; राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवारांना 40 टक्के.

आता ही गुणपत्रिका बघा: इंग्रजी 72, मराठी 84, भूगोल 70, भौतिकशास्त्र 41, रसायनशास्त्र 44, गणित 38. एकूण 58 टक्के, घरात पेढे. पण तीन विषयांची बेरीज होते 123. भूगोल त्या यादीत नाही, मराठीचे 84 इथे कामाचे नाहीत. खुल्या प्रवर्गातला हा मुलगा सीईटीत 95 पर्सेंटाइल घेऊन आला तरी अपात्रच. मग श्रेणीसुधारची परीक्षा आहे, पण तिचा निकाल प्रवेशफेऱ्यांच्या वेळापत्रकात बसेल याची हमी कोण देणार?

एनआयटी आणि आयआयटीचं गणित आणखी वेगळं. तिथे भाषेसकट पाच विषयांत 75 टक्के (अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना 65), नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नंबर. कोविडच्या काळात ही अट शिथिल केली होती. त्या बॅचचे दादा-ताई आजही 'आम्हाला कुठे कुणी विचारलं?' म्हणतात. तुम्हाला विचारतील, बाळांनो. जेईई मेनला बसताना ही अट आडवी येत नाही, जागा घेताना येते.

मेडिकललाही तेच. नीटचा स्कोअर कितीही असो, खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून 50 टक्के लागतात. शिवाय इंग्रजीत पास.

'अकरावीला बायोलॉजी सोडली की डॉक्टरकी कायमची बंद' हेही आता जुनं झालं: बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र देऊन नीटला बसता येतं, तशी सूचना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये काढली.

'बी.फार्मला बायोलॉजी हवीच.' नाही, गणितही चालतं. 'पॉलिटेक्निकवाल्यांना बारावी करावी लागते.' दहावीनंतरचा डिप्लोमा असेल तर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, बारावीची गरज नाही. आणि 'सायन्सवाल्याला बी.ए. करता येत नाही' असं सांगणाऱ्या काकांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.