टेन्स मशीन: आत नेमकं काय चालतं आणि कुणी वापरू नये?

शॉपिंग अ‍ॅपवर 'कंबरदुखी' सर्च केलंत की बाम आणि बेल्टबरोबर मोबाइलएवढं एक मशीन दिसतं. दोन वायर, चार चिकट पॅड आणि वर्णनात 'सुईशिवाय अ‍ॅक्युपंक्चर'. हे टेन्स मशीन. आईच्या गुडघ्यांसाठी आमच्याकडे आलं आणि मी आधी त्याचं मॅन्युअल वाचत बसलो.

पॅडमधून त्वचेखालच्या नसांना विजेचे बारीक पल्स मिळतात, एकेक साधारण 50 ते 250 मायक्रोसेकंदांचा. फ्रिक्वेन्सी 100 हर्ट्झच्या आसपास असेल तर नुसत्या मुंग्या येतात. इथे मेल्झॅक आणि वॉल यांचा 1965 चा 'गेट कंट्रोल' सिद्धांत लागू होतो. स्पर्शाचे सिग्नल जाड नसांमधून येतात, वेदनेचे बारीक नसांमधून. स्पर्शाची गर्दी झाली की मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडते. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो ना, तसंच. 2 ते 4 हर्ट्झला मात्र स्नायू टकटक उडतात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं, म्हणजे एंडॉर्फिन, सोडतं. इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरमध्ये असेच पल्स सुयांमधून देतात. टेन्सला सुया नाहीत आणि पॅडही सहसा दुखऱ्या जागेभोवतीच लावतात, त्यामुळे ती जाहिरात मला जरा ताणलेलीच वाटते.

यातून मूळ दुखणं बरं होत नाही. नोटिफिकेशन म्यूट केलं म्हणून अ‍ॅपमधला बग जात नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने तर 2016 मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स आणि अ‍ॅक्युपंक्चर दोन्ही देऊ नका असंच सांगितलं. आईला तात्पुरता आराम पडतो, तेवढ्यापुरतं ठीक आहे.

पण आमच्या आबांना पेसमेकर आहे, आणि त्यांचेही गुडघे दुखतात. पेसमेकर हृदयाचे सिग्नल सतत वाचत असतो. बाहेरचे पल्स त्याला हृदयाचे ठोकेच वाटले, तर गरज असताना तो स्वतःचा पल्स देणं थांबवू शकतो. त्यामुळे पेसमेकरवाल्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या मशीनला हात लावू नये. गरोदर बायका आणि फिट येणाऱ्यांनीही आधी विचारावं. छातीवर, गळ्यावर किंवा डायबिटिसमुळे बधिर झालेल्या पायांवर पॅड नको. आणि पॅड लावताना, काढताना मशीन बंद ठेवा.