नॅरोगेजवर राजधानी नाही धावत, भाऊ!

गेमिंग स्ट्रीम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पुण्या-मुंबईतला फ्लॅट, चकाचक आरजीबी लाइट्स आणि फायबरचं कनेक्शन. पण तोच स्ट्रीम बोरी अरबमधून करायचा असेल तर? नेट कमी असलं तरी पिक्चर क्लिअर ठेवण्याचे हे सॉलिड फंडे.

शुक्रवारची रात्र. ऑफिसचं शेवटचं मेल टाकून तुम्ही सोफ्यावर आडवे झालात, मोबाइलवर एक लाइव्ह गेम लावला आणि ऐन फायटिंगच्या वेळी स्क्रीनवर नुसते चौकोनच चौकोन! मग ते गोल फिरणारं चक्र. काय करता? अर्थातच दुसरा चॅनल लावता. तुम्ही, मी, सगळेच असं करतो.

पण समोरच्या बाजूला कोण बसलंय, याचा विचार कधी केलाय? मी केला, कारण समोर माझा मावसभाऊ होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब हे त्याचं गाव. बीकॉम झालाय, नोकरी शोधतोय आणि रात्री 'व्हॅलोरंट' खेळत फर्मास वऱ्हाडीत कॉमेंट्री करतो. बोलतो इतका भारी की हसून हसून पोट दुखतं. प्रॉब्लेम एकच, लोक ऐकायला येतात आणि चौकोन बघून पळून जातात.

घरात त्याचं आणि काकांचं डील झालंय. दिवाळीपर्यंत चॅनल मार्गी लागला तर ठीक, नाहीतर पुण्याला जाऊन मिळेल ती नोकरी धरायची. मार्गी लागणं म्हणजे काय? यूट्यूबवर जाहिरातींच्या कमाईत वाटा हवा असेल तर लाइव्ह आणि लांब व्हिडिओवाल्यांना १,००० सबस्क्रायबर्स आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. आता प्रत्येक प्रेक्षक दोन मिनिटांत पळाला, तर चार हजार तास व्हायचे कधी?

मागच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा काका मोबाइल पुढे धरून म्हणाले, "काऊन वं पोरी, हे चौकोन पाहाले लोक रात्रीचे जागून राहिले काय?" भाऊ गप्प. मग मी आणि तो तीन रात्री बसलो. आम्हाला जे सापडलं, ते हे असं.

आधी पाइप मोजा

आपण सगळे डाउनलोड स्पीड बघून खूश होतो. स्ट्रीमरला मात्र अपलोड लागतो. मोबाइल नेटवर्क असो की जुनं ब्रॉडबँड, अपलोडचा वाटा सहसा डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. भावाच्या मोबाइलवर सकाळी अपलोड ६ एमबीपीएस यायचा, रात्री नऊला २.४. कारण उघड आहे. टॉवर एक, गाव सगळं त्याच्यावर आणि रात्री सगळेच ऑनलाइन.

म्हणून पहिला नियम: स्पीड टेस्ट सकाळी नाही, ज्या वेळी लाइव्ह जाणार त्या वेळी करायची. तीन दिवस करायची आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा धरायचा. त्याच्याही ७० टक्केच वापरायचे. २.४ चे ७० टक्के म्हणजे साधारण १.७ एमबीपीएस. उरलेले ३० टक्के वाया जात नाहीत. गेमचा स्वतःचा डेटा किरकोळ असतो, पण तो वेळेवर पोचावा लागतो. अपलोड पूर्ण भरला की गेमची पाकिटं रांगेत अडकतात, पिंग वाढतो आणि तुम्ही गोळी झाडायच्या आधीच आडवे!

एचडीचा हट्ट सोडा

भावाचं सेटिंग काय होतं, माहितीय? १०८०पी, ६० फ्रेम्स, बिटरेट ४,५०० केबीपीएस. कुठल्यातरी ट्युटोरियलमधून जसंच्या तसं उचललेलं. मी त्याला म्हटलं, "अरे, आपली शकुंतला आठव." मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, रूळ फक्त ७६२ मिलिमीटर रुंद. दारव्ह्यावरून जाणारी ही नॅरोगेज आता बंद आहे, पण धावत होती तेव्हा आपल्या चालीने मुक्कामाला पोचायची. त्या रुळांवर राजधानी घातली असती तर पहिल्याच वळणावर उलटली असती. स्ट्रीमचंही तेच होतं.

जरा गणित करू, टेन्शन घेऊ नका. १०८०पी आणि ६० फ्रेम्स म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेल. ५४०पी (९६० बाय ५४०) आणि ३० फ्रेम्स म्हणजे सुमारे १ कोटी ५६ लाख, बरोबर आठवा हिस्सा. आता बिटरेट पिक्सेलवर वाटून टाका. ४,५०० केबीपीएसमध्ये १०८०पीच्या एका पिक्सेलला जेमतेम ०.०३६ बिट मिळतो. १,५०० केबीपीएसमध्ये ५४०पीच्या पिक्सेलला ०.०९६, म्हणजे अडीच पटींहून जास्त! पळापळीच्या गेमला पिक्सेलमागे ०.१ च्या आसपास मिळाला की चित्र स्वच्छ दिसतं, हा चांगला ठोकताळा आहे. चौकोन दिसतात ते पिक्सेल उपाशी राहतात म्हणून.

आणि बघणारा कशावर बघतोय? सहा इंची मोबाइलवर. तिथे स्वच्छ ५४०पी हे फुटक्या १०८०पीपेक्षा कधीही देखणं दिसतं.

ओबीएसमध्ये काय बदललं?

ओबीएस स्टुडिओ हे स्ट्रीमिंगचं फुकट सॉफ्टवेअर २०१२ पासून आहे आणि जगभरचे स्ट्रीमर्स तेच वापरतात. त्यात आम्ही केलेले बदल:

• आउटपुट रिझोल्यूशन ९६० बाय ५४०, फ्रेम्स ३०. डाउनस्केल फिल्टर 'लँक्झॉस', त्याने लहान केलेलं चित्र कुरकुरीत राहतं.

• रेट कंट्रोल 'सीबीआर', व्हिडिओ १,५०० केबीपीएस, ऑडिओ ९६. मिळून १.६ एमबीपीएस, म्हणजे आपल्या १.७ च्या आत. की-फ्रेम दर २ सेकंदांनी.

• एन्कोडर 'एक्स२६४' असेल तर प्रीसेट 'व्हेरी फास्ट'वरून एकेक पायरी हळू करत जा. एन्कोडरला विचार करायला जास्त वेळ मिळाला की तेवढ्याच डेटात चित्र सुधारतं. प्रोसेसर धापा टाकायला लागला की एक पायरी मागे या. २०१८ नंतरच्या पिढ्यांचं एनव्हिडिया आरटीएक्स कार्ड असेल तर 'एनव्हेंक' वापरा, प्रोसेसर गेमसाठी मोकळा राहतो.

• 'ॲडव्हान्स्ड'मध्ये गर्दीप्रमाणे बिटरेट आपोआप कमी-जास्त करायचा पर्याय आहे, तो सुरू करा. नेट दबलं तर चित्र जरासं मऊ होतं, पण स्ट्रीम तुटत नाही.

• यूट्यूबवर लेटन्सी 'नॉर्मल' ठेवा. चॅटला उत्तर काही सेकंद उशिरा जातं, पण प्रेक्षकाकडे साठा राहतो आणि चक्र फिरत नाही.

कार्ड अगदी नवं असेल तर 'एव्ही१' हा कोडेकही करून बघा. तेवढ्याच डेटात तो जुन्या 'एच.२६४'पेक्षा बरंच चांगलं चित्र देतो आणि यूट्यूब लाइव्ह तो घेतं.

गेमही मदत करतो

एन्कोडरला सगळ्यात जास्त त्रास कशाचा? हलणारं गवत, पाऊस, धूर, झाडांची पानं. प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं आणि बिट्स तिथेच संपतात. म्हणून गेमच्या सेटिंगमधून मोशन ब्लर, फिल्म ग्रेन आणि जादाचं गवत बंद करा. व्हॅलोरंटसारख्या सपाट रंगांच्या गेमला कमी डेटा पुरतो. बुद्धिबळाचा पट तर बहुतेक वेळ हलतच नाही. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकल्यापासून विदर्भात बुद्धिबळाची हवा आहेच, कमी नेटवाल्यांनी विचार करायला हरकत नाही!

नाचणारे ओव्हरले आणि मोठ्ठा वेबकॅमही काढून टाका. आवाज मात्र कधीच कापू नका. धूसर चित्र लोक चालवून घेतात, तुटका आवाज नाही. आणि भावाचं भांडवल तर त्याची वऱ्हाडी आहे.

जुगाड, पण शहाणा

मोबाइलचं नेट लॅपटॉपला वायफाय हॉटस्पॉटने नाही, केबलने द्या. मोबाइल खिडकीत किंवा गच्चीच्या दारात ठेवा, चार फुटांनी अपलोड बदलतो. घरातल्या सगळ्या मोबाइलचे ऑटो अपडेट त्या दोन तासांपुरते बंद. लाइट गेली तर? गावात फायबर आलेलं असेल तर तेच घ्या आणि राउटरला छोटा यूपीएस लावा.

डेटाचा हिशोबही ठेवा. १.६ एमबीपीएसने तासाला सुमारे ७२० एमबी जातात. दोन तासांत जवळपास दीड जीबी. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये बसतं, पण काकूंची सिरियल त्याच मोबाइलवर असेल तर आधी बोलून घ्या!

एचडीची हौस फिटवायची आहे? मग लाइव्ह ५४०पी जाऊ द्या आणि त्याच वेळी ओबीएसमधून १०८०पीचं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर करा. त्यातली झकास दहा मिनिटं कापून स्ट्रीम नसलेल्या दिवशी अपलोड करा. १२ एमबीपीएसची दहा मिनिटं म्हणजे ९०० एमबी, २ एमबीपीएसने तासाभरात चढतात. लाइव्हला घाई असते, अपलोडला नसते.

पण हे करिअर आहे का?

काकांचा प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आलं आणि मुंबईचा आदित्य सावंत 'डायनॅमो' नावाने घराघरात पोचला. पण सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये आलेलं बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये बंद होऊन २०२३ मध्ये परतलं. एकाच गेमवर घर चालवणं रिस्कीच. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, पण पैसे लावून खेळायच्या गेम्सवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. तेव्हा स्पॉन्सरशिपची ऑफर आली तर आधी गेम कुठला ते बघा.

आमचा रिझल्ट? तिसऱ्या रात्री स्ट्रीम नऊऐवजी साडेदहाला लावला. दोन तासांत एकदाही तुटला नाही. बघणारे होते फक्त ४१, पण त्यातले बहुतेक शेवटपर्यंत थांबले. त्यातला एक मोबाइल बाहेरच्या ओसरीवर होता. काका चष्मा लावून बघत होते. सकाळी चहा घेताना एवढंच म्हणाले, "चौकोन गेले लेका. पण त्या पोट्ट्यानं तुले मागून गोळी हाणली, तुले दिसला नाही काय?"

दिवाळीला अजून वेळ आहे. डील कायम आहे. आणि तुम्ही? पुढच्या शुक्रवारी एखादा छोटा चॅनल धूसर दिसला, तर लगेच पळू नका. दोन मिनिटं जास्त थांबा. पलीकडे कुणीतरी गच्चीच्या दारात मोबाइल टेकवून बसलेला असेल.