‘टेस्ट’ म्हणजे चाचणी नव्हे

सागरी सूक्ष्मजीवांवरील इंग्रजी पुस्तकात ‘टेस्ट’ हा शब्द आला, की आपण ‘चाचणी’ असा अर्थ लावू पाहतो. येथे मात्र तो कवचाचा वाचक आहे. मूळ लॅटिन शब्द ‘टेस्टा’, म्हणजे भाजलेल्या मातीचे भांडे, खापर. मौल्यवान धातूंचा कसही अशाच भांड्यात पाहत. त्यावरून परीक्षेची ‘टेस्ट’ आली.

फोरॅमिनीफेरा या एकपेशीय जीवांची कवचे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची असतात. जीव मेल्यावर ती सागरतळाच्या गाळात साठतात. कोणत्या जाती कोणत्या काळात होत्या हे माहीत असल्याने त्यांवरून गाळाचे वय ठरवता येते.

वणीजवळच्या सप्तशृंगगडाच्या काळ्या पाषाणात ही कवचे मिळणार नाहीत. तो लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट. पण दख्खनच्या लाव्हाचे थर पार राजमहेंद्रीजवळही आढळतात. तेथे दोन थरांमधल्या सागरी गाळातील कवचे गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी तपासली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या जाती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या विनाशानंतर लवकरच अवतरलेल्या होत्या. गाळाखालचा लाव्हा अर्थातच त्याआधीचा. म्हणूनच या विनाशाच्या चर्चेत लघुग्रहाच्या आघाताबरोबर आपल्या सह्याद्रीच्या पाषाणाचाही विचार करावा लागतो.