न्हाणीच्या पाण्यावर सोनटक्का: जरूर लावा, पण हळदीपासून लांब



हळदीची लागवड बहुतेकांची उरकत आली. मृगाचा पाऊस पडला की परसबागेतही काही ना काही लावलं जातं. सोनटक्क्याबद्दल गटातल्या बऱ्याच ताईंनी विचारलं होतं, "न्हाणीमागं नुसता चिखल असतो, तिथं लावला तर चालेल का?" चालेल. पण आपला जिल्हा हळदीचा आहे, म्हणून हा मेसेज फक्त फुलझाडाचा नाही. शेवटपर्यंत वाचा.

सोनटक्का हा हळदीचाच भाऊबंद. हळद, आलं, वेलदोडा आणि सोनटक्का ही सगळी एकाच कुळातली. तसेच कंद, तशीच लांब पानं, तसंच एकावर एक पानाचे देठ गुंडाळून झालेलं खोड. त्यामुळं ज्यांनी हळद केली त्यांना सोनटक्का नव्यानं शिकावा लागत नाही. फरक एवढाच, की हळद आपण आठ-नऊ महिन्यांत काढतो आणि सोनटक्का जमिनीतच ठेवतो. तो वर्षानुवर्षं राहतो, बाजूनं कंद वाढवत पसरतो. दुसरा फरक पाण्याचा. हळदीच्या वाफ्यात पाणी साचलं की आपल्या पोटात गोळा येतो. सोनटक्का मुळातच ओढ्या-झऱ्याकाठचा. पूर्व हिमालयाच्या बाजूच्या ओल्या, सावलीच्या जागा हे त्याचं घर. सतत ओल असली तर तो खूश.

फुलं पांढरी, फुलपाखरासारखी, आणि वास संध्याकाळी सुटतो. त्याला कारण आहे. लांब सोंडेचे मोठे पतंग रात्री या फुलावर येतात. अंधारात त्यांना पांढरा रंग दिसतो आणि वासावरून जागा सापडते. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एका तुऱ्यात रोज नवी उमलत राहतात. महालक्ष्म्यांच्या दिवसांत घरची फुलं मिळतात, हा मोठा फायदा. विकण्याच्या हिशेबानं मात्र लावू नका. फूल इतकं नाजूक, की बाजारात पोचेपर्यंत माना टाकतं.

*जागा आणि माती*

सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा बघा. घराची पूर्वेची भिंत, शेवग्याची किंवा आंब्याची विरळ सावली चालते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उघड्यावर लावलेल्या सोनटक्क्याची पानं कडेनं करपतात, मग लोक म्हणतात रोग पडला. तो रोग नसतो, ऊन असतं.

काळी माती ओल धरते हे चांगलंच, पण भर पावसात ती फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. सोनटक्क्याला ओल पाहिजे, कोंडमारा नको. म्हणून फूटभर खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीत तेवढंच चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू किंवा मुरूम मिसळा. शेणखतात मूठभर ट्रायकोडर्मा कालवून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं असेल तर उत्तमच.

कंद विकत आणायची गरज सहसा पडत नाही, गावात कुणाकडं तरी असतोच. हाताच्या बोटाएवढा तुकडा, दोन-तीन डोळे, दाबून बघितल्यावर टणक. मऊ लागला किंवा आतून तपकिरी निघाला तर घेऊ नका. दोन इंच खोल आडवा ठेवा, डोळे वर. दोन कंदांत दीड ते दोन फूट अंतर सोडा. पहिल्या वर्षी एखाद-दुसरा तुरा येईल, खरा बहर दुसऱ्या पावसाळ्यात. एका खोडाला एकदाच तुरा येतो. फुलं संपली की ते खोड बुडातून कापा, बाजूचे नवे कोंब जोर धरतात. तीन-चार वर्षांनी गर्दी झाली की खणून विभागा आणि शेजारणींना वाटा.

*सांडपाणी: कोणतं द्यायचं, कोणतं नाही*

इथं थोडं थांबून वाचा, कारण बहुतेक झाडं इथंच बिघडतात.

आंघोळीचं पाणी, भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी बेलाशक द्या. कपडे धुतलेलं पाणी मात्र रोज एकाच झाडाला नको. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. त्यातला सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतो, मग माती वरून घट्ट बसते, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर दगडासारखी होते. आपल्या जमिनी आधीच चुनखडीच्या आणि विम्ल. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की समजा लोहाची कमतरता आली. हळदीतही हीच खूण असते, ती तुम्ही ओळखताच. अशा वेळी हिराकस म्हणजे फेरस सल्फेट ५ ग्रॅम, एक लिटर पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस अशी फवारणी संध्याकाळी करा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. पण मूळ इलाज पाणी बदलण्याचा. साबणाचं पाणी दुसरीकडं वळवा आणि पावसाच्या पाण्यानं आळं एकदा चांगलं धुऊन निघू द्या.

फिनेल, संडास साफ करायचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर असलेलं पाणी कोणत्याच झाडाला नको. संडासच्या टाकीचं पाणी तर अजिबातच नको.

आणि सोनटक्का लावला म्हणून न्हाणीमागचं डबकं चाललं असं नाही. साचलेल्या पाण्यात डास होतात, ते झाड थांबवत नाही. आधी शोषखड्डा करा, त्याच्या कडेनं सोनटक्का लावा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे केले आणि डास हटवले, ते काम राज्यभर गाजलं. खड्ड्याच्या बाजूनं झिरपणारी ओल सोनटक्क्याला पुरते, वर पाणी दिसायची गरजच नाही.

उन्हाळ्यात टँकरची पाळी आली तर पिण्याचं पाणी झाडाला घालू नका. पानं वाळली तरी कंदात साठा असतो. बुडाशी उसाचं पाचट किंवा पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या, पावसावर पुन्हा फुटेल. आच्छादनाला हळदीचा पाला मात्र वापरू नका. प्लॉटवर करपा होता की नव्हता हे कुणी नीट सांगू शकत नाही.

*हळदीपासून लांब का?*

हळदीचं खोड पोखरणारी अळी, जिच्यामुळं मधला पोंगा वाळतो आणि खोडाच्या छिद्रातून भुसा बाहेर येतो, ती या कुळातल्या इतर झाडांवरही जगते. सोनटक्काही त्यात आला. आता विचार करा. हळद जानेवारी-फेब्रुवारीपासून निघायला लागते, पुढं शेत मोकळं होतं. किडीला खायला उरत नाही. पण घरामागं बारा महिने ओलसर, हिरवा सोनटक्का उभा असेल तर तिला मधल्या काळात आसरा मिळतो. जून-जुलैत तिचे पतंग शेजारच्या कोवळ्या हळदीवर जायला मोकळे. कंदकुजीचंही तसंच. कुजवणारी पिथियमसारखी बुरशी ओल्या मातीत टिकते आणि पाण्याबरोबर, खुरप्याबरोबर, चपलेच्या चिखलाबरोबर हलते.

म्हणून घर शेतात असेल आणि परस हळदीच्या प्लॉटला लागून असेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की सोनटक्का लावू नका. तिथं कर्दळ लावा. तिलाही ओल आवडते, ऊन जास्त सोसते, फुलंही भरपूर. घर गावात असेल तर सोनटक्का बिनधास्त लावा, फक्त तीन गोष्टी सांभाळा. कंदकुज आलेल्या हळदीच्या शेतातली माती घरी आणू नका. बेण्याचा हळदीचा ढीग सोनटक्क्याजवळ लावू नका. आणि परसातलं खुरपं हळदीत न्यायचं असेल तर धुऊन, उन्हात वाळवूनच न्या.

पोंगा वाळलेला दिसला की ते खोड जमिनीलगत कापा, उभं चिरून आतली अळी मारा आणि खोड जाळून टाका. उकिरड्यावर फेकू नका, तो उकिरडा पुढं शेतातच जातो. घराजवळ लेकरं, कोंबड्या, पाण्याचा हौद असतो, म्हणून इथं रासायनिक औषध फवारू नका. दर पंधरा दिवसांनी ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे.

अजून एक. ओढ्याच्या, कयाधूच्या काठाला किंवा शेततळ्याच्या भरावावर सोनटक्का लावू नका. क्युबा देशानं या फुलाला राष्ट्रीय फुलाचा मान दिलाय, पण ब्राझील आणि हवाई बेटांवर याच झाडानं ओढ्यांचे काठ गिळले आणि आता ते काढता काढता लोक थकलेत. कंदाचा तुकडा पुरात वाहत गेला तरी खाली कुठंतरी रुजतो. शेततळ्यात अशी दाटी झाली तर मोटारीचा फूटव्हॉल्व्हही चोंदेल.

कुणाच्या सोनटक्क्यात किंवा हळदीत पोंगा वाळलेला दिसला तर गटावर फोटो टाका. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक खोडाच्या छिद्राचा जवळून, एक खोड उभं चिरून आतला. नुसत्या पिवळ्या पानाच्या फोटोवरून काही सांगता येत नाही. सोबत गाव, मागच्या आठवड्यात पाऊस किती दिवस झाला आणि हळदीचा प्लॉट घरापासून किती लांब आहे ते लिहा.