पी०१२२ आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

गेल्या पावसाळ्यानंतर बाबांच्या गाडीला खोड लागली. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन बंद. एकदा हे नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाच्या उतारावर झालं. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही कडक होत जातो. मागे ट्रक होता आणि शेजारी आई. त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला.

गाडी २०१३ ची, पेट्रोल, केबलवालं थ्रॉटल. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०१२२. ‘सेन्सर गेला’ म्हणून नवीन बसवला. आठ दिवसांत दिवा परत लागला! मग ‘अ‍ॅडजस्ट करावा लागेल’ असं सांगून पुन्हा पैसे मागितले. मी म्हटलं, थांबा जरा.

आधी कोड वाचायचा कसा ते बघू. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे कोड सगळ्या कंपन्यांसाठी सारखा. तिथे १ असेल तर तो बहुतेक वेळा त्या कंपनीचा स्वतःचा. पी०१२२ चा अर्थ: थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सर्किटमधून अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज येतंय. पी०१२३ म्हणजे जास्त. नीट वाचा, ‘सर्किट’ म्हटलंय, ‘सेन्सर खराब’ असं कुठेच म्हटलेलं नाही. आम्ही कोड लिहिणारे लोक हे रोज बघतो: एरर ज्या ओळीवर दिसते, चूक बऱ्याचदा तिच्या आधीच कुठेतरी असते.

हा सेन्सर म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी गोष्ट. त्याला ५ व्होल्ट मिळतात. थ्रॉटल बंद असताना तो साधारण अर्धा व्होल्ट परत देतो, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. वायर सुटली तरी इसीयूला व्होल्टेज कमीच दिसणार, नाही का?

मी इएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ अडॅप्टर घेतला. स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो. (आयफोनवाल्यांनी घेण्याआधी बघा, स्वस्तातले बरेच अडॅप्टर आयफोनला जोडले जात नाहीत.) कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. मग चावी ऑन, इंजिन बंद, आणि अ‍ॅपमध्ये थ्रॉटलचा लाइव्ह आकडा. पेडल हळूहळू दाबलं की आकडा न अडखळता चढला पाहिजे. आमचा छान चढला. पण पेडल धरून ठेवून भावाला बॉनेटखाली सेन्सरची वायर हलवायला सांगितली, तर आकडा धाडकन शून्य. प्लग काढला तर एका पिनवर हिरवा थर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, सैल पिन घट्ट केली, कोड पुसला.

आता अ‍ॅडजस्टमेंट. काही जुन्या गाड्यांत सेन्सरच्या स्क्रूची भोकं लांबट असतात. स्क्रू सैल करून, मल्टीमीटर बघत सेन्सर किंचित फिरवता येतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा. भोकं गोल असतील तर फिरवायला काही नाहीच. आमची गोल होती, म्हणजे पैसे कशाचे मागितले देव जाणे. थ्रॉटलला टेकणारा छोटा स्टॉप स्क्रू मात्र आयडलिंग वाढवायला कधीच फिरवू नका. सेन्सरचा ‘शून्य’ तिथूनच ठरतो. केबल नसलेल्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला असं हाताने अ‍ॅडजस्ट करायचं नसतं, तिथे स्कॅनरने रीलर्न करतात.

गाडी आणखी जुनी असेल तर? पुण्यात बीएस-४ एप्रिल २०१० ला आलं आणि ओबीडी-२ ची सक्ती एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत अ‍ॅप जोडलं जाईलच असं नाही. पण अनेक जुन्या इंजेक्शन गाड्यांत ठरलेली पिन अर्थ केली की चेक इंजिनचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. सुझुकीच्या जुन्या इंजिनांत एकदा आणि मग दोनदा, म्हणजे १२, सगळं ठीक. २१ आणि २२ थ्रॉटल सेन्सरचे. मोजताना गोंधळ होतो, म्हणून सरळ मोबाइलवर व्हिडिओ काढा.

गॅरेजवाल्याकडून जुना सेन्सर परत आणला होता. घरी मीटर लावून पाहिला, रेझिस्टन्स अगदी सलग बदलत होता. तो सध्या डिकीत स्पेअर म्हणून पडून आहे.